रानात मुक्काम करायचा, तर...

पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याची माणसं उत्तरेकडे पाहू लागतात. उन्हाळाभर धुरकट दिसणारी सातपुड्याची रांग आठ-पंधरा दिवसांत हिरवीगार होते आणि शनिवार-रविवारी परतवाड्यावरून चिखलदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. यात नवीन काही नाही. पण अलीकडे त्यात एक भर पडली आहे. पूर्वी लोक सकाळी वर जायचे आणि दिवेलागणीच्या आत घाट उतरायचे. आता तंबू स्वस्त झाले, झोपायच्या पिशव्या बाजारात मिळू लागल्या, मोबाइलमध्ये नकाशा आला. त्यामुळे चार मित्र पाठीवर बोचकं टाकून निघतात. घरी सांगतात, ‘वर कुठंतरी मुक्काम करू.’

या ‘कुठंतरी’ शब्दाबद्दलच आज मला बोलायचं आहे.

आधी एक सांगून टाकतो. रानात रात्र काढू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. उलट, ज्यानं आयुष्यात एकदा तरी विजेच्या दिव्याशिवायचं आकाश पाहिलं नाही, सांबराची हाक ऐकली नाही, पहाटेच्या थंडीत रानकोंबड्याचं आरवणं ऐकलं नाही, त्यानं ते जरूर ऐकावं. ऐन तारुण्यात ऐकावं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या सातपुड्यात ‘कुठंतरी’ नावाची जागाच नाही. प्रत्येक जागेला कुणी ना कुणी धनी आहे. रान मोकळं दिसतं, पण बेवारस नसतं.

आपल्या मुलखाची ठेवण डोळ्यांसमोर आणा. खाली पूर्णेचं खोरं, काळी माती, कपाशी आणि तुरीची वावरं. हे मैदान समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटर उंचीवर. त्याच्या उत्तरेला एकदम भिंतीसारखा उभा राहतो तो गाविलगडचा डोंगर. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर, अकोटच्या उत्तरेचा नरनाळा किल्ला ९०० मीटरच्या वर. या डोंगरात घाटांना घाट मिळतात, म्हणून तो मेळघाट. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या इथल्या रानातून वाहत जाऊन तापीला मिळतात. पिकांच्या सपाट मुलखाला लागून असलेलं हे रान म्हणजे एक उंच बेटच. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, रानकुत्रे यांना त्या बेटाबाहेर जायला फारशी जागा उरलेली नाही.

आता या बेटाचे धनी कोण ते पाहू.

पहिला धनी व्याघ्र प्रकल्प. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला एक मेळघाटचा. आज गाभा आणि भोवतालचं बफर क्षेत्र मिळून तो २,७०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट अभयारण्य आणि अकोल्याच्या बाजूची नरनाळा व वान ही अभयारण्यं त्यात येतात. इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, असं त्याचं २७ वं कलम सांगतं. परवाना कशासाठी मिळतो, ते २८ व्या कलमात दिलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, किंवा आत राहणाऱ्या माणसाकडे रीतसर काम. म्हणजे पर्यटकाला बंदी नाही, पण परवाना हवा. आणि दिवसाच्या सफारीचं तिकीट म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचा परवाना नव्हे, हे ध्यानात ठेवायचं. ३० वं कलम आगीसंबंधी आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणं हा गुन्हा आहे. ३१ वं कलम शस्त्र नेण्याला मनाई करतं, आणि शस्त्राच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते. कचरा टाकणं आणि जनावरांना डिवचणं यालाही याच कायद्यानं बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा सर्वसाधारण गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

दुसरा धनी म्हणजे प्रकल्पाच्या बाहेरचं राखीव जंगल. पुष्कळांना वाटतं की अभयारण्याची पाटी संपली म्हणजे मोकळीक मिळाली. तसं नाही. राखीव जंगलात १९२७ चा भारतीय वन कायदा लागू असतो. त्याच्या २६ व्या कलमानुसार तिथे विनापरवाना घुसणं आणि आग पेटवणं गुन्हाच आहे. तिथे विचारायचं ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, म्हणजे ज्यांना आपण रेंजरसाहेब म्हणतो त्यांना. आणि रानात प्रत्यक्ष भेटतो तो वनरक्षक, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं अजून नाकेदार म्हणतात.

तिसरा धनी किल्ल्यांचा. गाविलगड आणि नरनाळा हे आपल्या दोन जिल्ह्यांचे दोन अभिमान. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला, ही इंग्रज-मराठ्यांच्या दुसऱ्या युद्धातली मोठी लढाई. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचं कोरीव काम पाहायला तर मुद्दाम जावं. किल्ला म्हटला की पोरांना वाटतं, बुरुजावर तंबू टाकला, खाली दिवे लुकलुकताना पाहिले, की रात्र सार्थकी लागली. पण हे दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अशी संरक्षित स्मारकं सामान्यतः सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघडी असतात, आणि ठरवून दिलेल्या जागेखेरीज तिथे स्वयंपाक करायला नियमानं मनाई आहे. शिवाय दोन्ही किल्ले व्याघ्र प्रकल्पाच्या रानानं वेढलेले. म्हणजे तिथे एक सोडून दोन धनी. दरवाजाच्या कमानीखाली चूल पेटवली की शेकडो वर्षांच्या दगडावर काजळी धरते आणि उष्णतेनं दगडाचे पापुद्रे सुटतात. किल्ले दिवसा पाहावेत आणि उजेडात उतरावेत.

चौथा धनी आपण सर्वांत जास्त विसरतो. तो म्हणजे ग्रामसभा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. ज्या गावाला ते मिळाले, त्या गावच्या ग्रामसभेला ते जंगल राखण्याचा आणि तिथले नियम ठरवण्याचा अधिकार आहे. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर हे याचं नामांकित उदाहरण. उजाड झालेलं रान गावकऱ्यांनी राखलं, वाढवलं, सीताफळांसारख्या रानमेव्यातून उत्पन्न उभं केलं, आणि २०१४ मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्या टेकडीवर गावानं पाळीपाळीनं राखण केली, त्या टेकडीवर शहरातल्या चौघांनी न विचारता रात्री गाडी नेऊन गाणी लावायची, हे कोणत्या तोंडानं?

आणि पाचवा धनी, आपला शेतकरी. डोंगराच्या पायथ्याचं वावर पडीत दिसलं म्हणजे ते कुणाचं नाही असं होत नाही. तिथे जाऊन फक्त एवढं विचारायचं, ‘काकाजी, आज रात्री तुमच्या धुऱ्यावर झोपलो तर चालेल काय?’ वऱ्हाडातला शेतकरी सहसा नाही म्हणत नाही. उलट विहीर कुठे आहे, कुत्रा कुणाचा आहे, रानडुकरं कोणत्या बाजूनं येतात, हे सगळं सांगतो. क्वचित भाकर-बेसनही पुढे करतो. न विचारता झोपलात, तर त्याच शेतकऱ्याला तुम्ही मध्यरात्री चोर वाटता. पिकाच्या राखणीला कुणी तारेत वीज सोडलेली असते, हेही विसरू नका. ते बेकायदेशीर आहे, पण घडतं, आणि अंधारात अशा तारेनं माणसांचे जीव गेलेले आहेत. विचारण्यात नुसता शिष्टाचार नाही, त्यात आपला जीवही आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढे धनी असतील तर माणसानं रात्र काढायची तरी कुठे? तर रीतसर वाटा आहेत. सिपनेच्या काठी सेमाडोह आणि कोलकास इथे वनविभागाची निवासाची सोय आहे. नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरला आहे. चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि खासगी व्यवस्था आहेत. बफरमधल्या काही गावांत घरगुती मुक्कामही मिळतो.

याहून वेगळी एक रात्र आहे, ती वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेची. त्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर नोंदणी केलेल्या नागरिकांना बसू देतो. पूर्वी ती वन्यप्राण्यांची मोजणी म्हणून ओळखली जायची. आता वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपनं होते, त्यामुळे या रात्रीला ‘निसर्ग अनुभव’ म्हणतात. दुपारनंतर तुम्हाला मचाणावर नेऊन सोडतात, सोबत माहितगार माणूस असतो, आणि सकाळी उतरवून आणतात. रात्रभर खाली उतरायचं नाही. बोलायचं नाही. सिगारेट नाही, अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, उगाच बॅटरी नाही. पिण्याचं पाणी आणि जेवण आपलं आपण न्यायचं, आणि उरलेलं सगळं परत आणायचं. माझ्या मते तंबू घेऊन निघणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी या शाळेत बसावं. रानातली रात्र कशी काढायची, याचा सगळा अभ्यासक्रम त्या बारा तासांत होतो.

आपल्याकडे याहून जुनीही एक वहिवाट आहे. श्रावणात अकोला-अकोटकडची माणसं धारगडच्या महादेवाला जातात. तो रस्ता ऐन व्याघ्र प्रकल्पातला. ठरलेल्या दिवसांपुरती लोकांना वाट मोकळी होते आणि मग रान पुन्हा शांत होतं. म्हणजे लोकांची श्रद्धा, पावलं आणि रान यांचा मेळ बसतो. पण दिवस ठरलेले, वाट ठरलेली, आणि वागणूकही ठरलेली हवी.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. आग.

मुक्काम म्हटला की शेकोटी, असं समीकरण सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलं आहे. पण मेळघाट हे सागाचं, पानगळीचं रान. फेब्रुवारीपासून सागाची सुपाएवढी पानं गळू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवर वाळलेल्या पानांचा आणि गवताचा असा थर असतो, की चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येतो. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो तो याचमुळे. या काळात वनविभाग जाळरेषा काढून ठेवतो, आग विझवायला मजूर लावतो, आणि ती माणसं हातात हिरव्या फांद्या घेऊन, अंगावर धग झेलत वणव्याशी झुंजतात. इतक्या मेहनतीवर एक अर्धवट विझलेली शेकोटी पाणी फिरवू शकते. वरून राख दिसते, आत निखारा असतो, पहाटे वारा सुटतो, आणि तोवर आपण घाट उतरून चहा पीत असतो.

वणव्यात मोठी जनावरं बहुतेक वेळा पळून जातात. जळतात ती जमिनीवरची अंडी, सशाची पिल्लं, कासवं, नुकतं तरारलेलं रोप. पुढच्या पावसात उघडी पडलेली माती वाहून खाली येते, ती आपल्याच धरणांत.

आणि आगीत माणसंही जळतात. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेली मंडळी वणव्यात सापडली. वीसहून अधिक जण दगावले. बहुतेक तरुण, शहरांत नोकऱ्या करणारे, त्यांत बऱ्याच मुली. ज्या वाटेनं ते गेले त्या वाटेची वनविभागाची परवानगी त्यांच्याजवळ नव्हती. परवानगीचा कागद आग थांबवत नाही, हे खरं. पण परवानगी मागायला गेलेल्या माणसाला ‘सध्या त्या बाजूला वणवा आहे, जाऊ नका’ असं सांगणारा कुणीतरी भेटतो. वर किती माणसं आहेत, कोणत्या वाटेला आहेत, हे खाली कुणाला तरी ठाऊक असतं. कागदाचं मोल त्यात आहे.

म्हणून माझा साधा हिशेब: रानात शेकोटी नाही. थंडी वाजते तर जास्तीचं पांघरूण न्या. चिखलदऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो, तेव्हा जाडजूड नेलेलं बरं. जेवण घरून बांधून न्या. आपल्याकडे भाकर, ठेचा, चटणी, लाडू, हा शिदोरीचा थाट पिढ्यान्पिढ्या आहे. त्याला चूल लागत नाही.

आता परवानगी मिळालेल्या जागीसुद्धा तंबू नेमका कुठे टाकायचा, तेही पाहू. नदीच्या पात्रातली वाळू मऊ आणि सपाट दिसते, पण तिथे कधीच नाही. सिपना किंवा खंडूच्या वरच्या अंगाला पाऊस झाला की आपल्या डोक्यावर चांदणं असतानाही पूर येतो. पाणवठ्याच्या काठावरही नाही, कारण आपण तिथे झोपलो की अख्ख्या रानाची रात्र तहानेत जाते. निदान शंभर पावलं लांब राहावं. जनावरांच्या पायवाटेवर नाही. वाळलेल्या झाडाखाली किंवा मोठ्या वाळक्या फांदीखाली नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली तर मुळीच नाही, कारण मोहाच्या फुलांसाठी पहाटे अस्वल येतं. अस्वलाची नजर आणि कान अधू, त्यामुळे ते अगदी जवळ येईपर्यंत त्याला माणूस कळत नाही, आणि दचकलं की सरळ अंगावर येतं. मेळघाटातल्या माणसाला विचारा, तो वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितो.

खाण्याच्या वस्तू तंबूत उघड्या ठेवू नयेत. बूट सकाळी झटकल्याशिवाय पायांत घालू नयेत. जमिनीवर उघड्यानं झोपू नये. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश कधी कधी झोपेत कळतही नाही. दंश झालाच तर मांत्रिक नाही, कापणं-चोखणं नाही. माणसाला निजवून, धीर देऊन सरळ दवाखाना. मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून आपण कुठे आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे निघण्यापूर्वी घरी कागदावर लिहून ठेवावं.

शौचाचा विषय रेडिओवर कशाला, असं कुणाला वाटेल. पण रानातल्या झऱ्याचं पाणी खालच्या गावातली बाई हंड्यात भरते. म्हणून पाण्यापासून शंभर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा करावा आणि मातीनं बुजवावा. कागद आणि प्लास्टिक आपल्या पिशवीतून परत आणावं. कुरकुऱ्याच्या रिकाम्या पुड्याला मीठ लागलेलं असतं, ते चाटायला सांबर, चितळ येतात आणि पुडा गिळतात. वानरांना केळी-बिस्किटं देऊन आपण पुण्य जोडत नाही. त्यांना रस्त्यावर, गाडीखाली आणतो.

आवाज आणि उजेडही कचराच समजावा. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं उद्यान, म्हणजे ‘डार्क स्काय पार्क’, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अंधार हीसुद्धा जपायची संपत्ती आहे, हे आपल्याच विदर्भानं देशाला दाखवून दिलं. मग आपण मेळघाटात जाऊन तंबूभोवती दिव्यांच्या माळा का लावायच्या? स्पीकरवर गाणी ऐकायला गावातली गच्ची काय वाईट आहे?

बाहेरच्या जगात काय चालतं, तेही पाहू. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं लोकांना डोंगरात, बेटांवर जबाबदारीनं तंबू टाकायचा हक्क दिला. पण लॉक लोमंडच्या तळ्याकाठी गर्दीनं इतकी घाण केली, की २०१७ पासून तिथल्या काही भागांत हंगामात परवाना सक्तीचा झाला. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर मुक्कामाचा हक्क आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयानं तो हक्क मान्य केला. भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका या डोंगराळ बेटावर जगभरातले पदयात्री जातात. तिथल्या सुमारे १८० किलोमीटरच्या प्रसिद्ध डोंगरवाटेवर मन मानेल तिथे तंबू टाकता येत नाही. ठरावीक आश्रयघरांच्या शेजारीच, पैसे भरून टाकायचा. कारण तेच, वणवा. म्हणजे जिथे हक्क आहे तिथे तो वागणुकीवर टिकतो, आणि जिथे बंधन आहे तिथे सोयही केलेली आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर एक गोष्ट वनविभाग आणि प्रशासन यांनाही सांगितली पाहिजे. तरुणांची तक्रार सगळीच खोटी नाही. विद्यार्थ्याच्या खिशात निवासस्थानाचं भाडं आणि जिप्सीचे पैसे नसतात. परवानगीला जावं तर कोणत्या खिडकीवर जायचं ते कळत नाही, आणि सुटीच्या दिवशी खिडकी बंद असते. रीतसर दार सापडलं नाही की माणूस कुंपण ओलांडतो. म्हणून बफरमधल्या गावांत, ग्रामसभेच्या देखरेखीखाली, तंबूसाठी साध्या जागा आखून द्याव्यात. पाणी, संडास, गावातला एक वाटाड्या, रात्रीचं जेवण गावातल्या घरून, आणि माफक शुल्क गावाच्या खात्यात. नियम पाळा म्हणणाऱ्यानं दारही दाखवलं पाहिजे. ते होईपर्यंत महाविद्यालयांच्या निसर्गमंडळांनी निदान आठ-पंधरा दिवस आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र द्यावं, नावांची यादी जोडावी, आणि उत्तर नाही असं आलं तर ते मान्य करावं.

आणि हे मान्य का करावं? मंडळी, याच रानातून बोरी, कोहा, कुंड, वैराट अशी गावं उठली. वाघाला शांतता मिळावी म्हणून तिथली माणसं पिढ्यान्पिढ्यांची घरं, देव आणि वावरं सोडून खाली आली. त्यांचं पुनर्वसन किती नीट झालं, यावर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण एवढं तर खरं, की कुणाच्या तरी घरातली रोजची चूल त्या रानातून उठली आहे. त्याच ठिकाणी आपण दोन घटकांच्या मौजेसाठी शेकोटी पेटवणं न्यायाला धरून होणार नाही. जी कोरकू गावं आजही रानात आहेत, त्यांच्या वाटेवरून जाताना आपण पाहुणे असतो. पाहुण्यानं न विचारता अंगणात शिरू नये, न विचारता फोटो काढू नये, आणि जमलं तर अंडी, दूध, भाजी तिथूनच विकत घ्यावी. आपल्या येण्यानं गावाला चार पैसे मिळाले, तर गावही आपलं येणं आपलं मानतं.

तेव्हा पुढच्या वेळी तंबू पाठीवर घेण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. ही जागा कुणाची? मी त्याला विचारलं का? परत येण्याची वेळ घरी कुणाला ठाऊक आहे? आणि सकाळी मी निघाल्यावर, तिथे कुणी झोपलं होतं हे दुसऱ्या कुणाला कळेल का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं निघण्यापूर्वी हवीत. चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असं यावं, म्हणजे मुक्काम चांगला झाला असं समजावं.

सातपुडा कुठे जात नाही. तिथल्या रात्री मात्र अजून शांत आहेत, त्या आपल्या नातवंडांनाही तशाच मिळोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)